रंग धावतात तेव्हा

भाषांतराचं काम नवीन असताना कपड्यांवरच्या सूचनांचा एक कागद माझ्याकडे आला होता. त्यात ‘कलर्स मे रन’ असं होतं आणि मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘रंग धावू शकतात’. तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं, ‘कुठवर?’

म्हणायचं होतं, ‘धुताना रंग जाऊ शकतो’. तेव्हापासून ‘रन’ दिसलं की मी आधी थांबते. इंग्रजीत नाकही ‘रन’ होतं, आपल्याकडे ते वाहतं. यंत्र चालतं, दुकान चालवतात, दूध संपतं, रस्त्यात कुणी अचानक भेटतं. इंग्रजी सगळीकडे एकाच क्रियापदाला पळवते. कुठे ‘आउट’ जोडते, कुठे ‘इंटू’. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, 430 अर्थ! पुढे ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली आणि क्रियापदाचेच अर्थ 645 भरले.

मला सगळ्यात आवडते ती निवडणूक. अमेरिकेतला उमेदवार तिच्यासाठी धावतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. (निवडून आल्यावर बसतात मात्र सगळेच.)

अर्थात इंग्रजीला हसायची आपली सोय नाही. एका विद्यार्थिनीला मी ‘लागणे’ शिकवत होते. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. ती वहीत भराभर उतरवत होती. ‘डोळा लागतो’पाशी तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘कुणाला? जोरात लागला का?’