दुख्दैन

गेल्या नोव्हेंबरात आमच्या चर्चच्या मंडळीतून आम्ही आठ जण दहा दिवसांसाठी नेपाळला, पोखऱ्याला सेवेला गेलो होतो. परत आल्यावर उपासनेत साक्ष दिली, फोटो दाखवले, सगळ्यांनी "फार छान झालं" म्हटलं. पण जे खरं सांगायचं होतं ते त्या दहा मिनिटांत मला सांगताच आलं नाही, तेव्हापासून ते मनात घोळतंय, म्हणून आज बसून लिहितेय.

आमची तयारी भारी होती. तरुण संघानं लहान मुलांसाठी नाटुकलं बसवलेलं, बाहुल्या शिवलेल्या, हिंदी गाणी पाठ, पत्रकं छापायला टाकणार इतक्यात तिथल्या चर्चच्या पाळकांचा फोन आला. आम्ही त्यांना पाष्टर दाइ म्हणतो, नेपाळीत दाइ म्हणजे दादा. ते म्हणाले, या, जरूर या, पण पत्रकं आणू नका आणि रस्त्यावर काही करू नका. नेपाळमध्ये २०१८ च्या ऑगस्टपासून नवा फौजदारी कायदा लागू झालाय, त्यात कुणाचं धर्मांतर करवलं किंवा तसा प्रयत्न केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. आमच्यातले काही जण नाराज झाले, मग जायचं तरी कशाला असं म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. पण आम्ही दहा दिवसांनी नगरला परत येणार आणि पोलीस चौकीत बोलावणं येणार ते दाइंना, ही साधी गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती.

शिवाय त्यांच्या उपासनेच्या हॉलला रंग द्यायचा आमचा बेत होता. त्यावरही दाइ म्हणाले, आमच्या मंडळीत एक पोरगा रंगकामच करतो, तुम्ही रंग दिलात तर त्यानं काय करायचं? मग आम्ही रंगाचे आणि त्याच्या मजुरीचे पैसे दिले, भिंती घासून द्यायला चौघं त्याच्या हाताखाली राबलो. भिंत कशी घासायची हेही त्यानंच शिकवलं.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून जीपनं सीमेवरचं सोनौली. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार कार्ड चालतं, फक्त आम्ही शंभरच्या नोटा भरपूर ठेवल्या होत्या, तेव्हा मोठ्या नोटांचे वांधे व्हायचे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. सोनौलीच्या अलीकडे नौतनवा लागतं, धूळ, ट्रकच्या रांगा, तिथे थांबण्यासारखं काहीच नाही. पण माझ्यासाठी प्रवासातला सगळ्यात मोठा धडा तिथेच होता. नेपाळ बाहेरच्यांना बंद होतं तेव्हा लिली ओहॅन्लन नावाच्या डॉक्टर आणि हिल्डा स्टील या दोघी बायका ह्याच नौतनव्यात दवाखाना काढून राहिल्या होत्या. सीमेपलीकडून येणाऱ्या आजाऱ्यांना औषधं देत होत्या, दार उघडायची वाट बघत होत्या, एक-दोन नाही, कित्येक वर्षं. १९५२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा नेपाळी ख्रिस्ती लोकांसोबत डोंगर चढत चालत पोखऱ्याला गेल्या, कारण मोटारीचा रस्ताच नव्हता. तिथे त्यांनी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा दवाखाना उभा केला, उन्हात तो लांबून चमकायचा म्हणून त्याचं नाव शायनिंग हॉस्पिटल पडलं. पुढे १९५७ पासून पोखऱ्यातच ग्रीन पाश्चर्स नावाच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांचं काम सुरू झालं. जीपमध्ये मांडीवर बाहुल्यांची पिशवी घेऊन मी हे सगळं आठवत होते आणि आमचे दहा दिवस मला फार थोडे वाटायला लागले.

आम्हाला दाइंनी नेलं ते एका वस्तीवर. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, पण गावी परत जाता न आलेल्या बारा-तेरा म्हाताऱ्या माणसांची वस्ती. बऱ्या झालेल्या हे मुद्दाम लिहितेय, कारण घरी परतल्यावर पहिला प्रश्न आला तो "तुम्हाला लागण नाही ना होणार?" हाच. अहो, हा रोग बहुतेकांना होतच नाही, शरीर आपणच त्याला थोपवतं, आणि सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण गोळ्या सुरू व्हायच्या आधी ज्या नसा मेल्या त्या परत येत नाहीत. हातापायाला कळतच नाही. खडा रुतला, चटका बसला, चप्पल लागली, काही कळत नाही, आणि त्यातून जखमा होतात आणि बोटं जातात.

म्हणून तिथे रोजचं काम एकच. पाय टबातल्या साध्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवायचे, मग खरखरीत दगडानं घट्टा हलकेच घासायचा, पुसायचे नाहीत, ओल्यावरच तेल लावायचं, आणि तळवा उजेडाकडे धरून बोटांच्या बेचकीत नीट बघायचं. नर्स दिदीनं पहिल्या दिवशी नुसतं बघायला लावलं, दुसऱ्या दिवशी दगड हातात दिला. मंडळीतल्या एक आजी पूर्वी मिरजेला कुष्ठरोग दवाखान्यात नर्स होत्या, त्यांनी निघताना जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या फाडून, धुऊन, उन्हात वाळवून गठ्ठाच दिला होता. आमच्या सामानातली खरी कामाची वस्तू तेवढीच निघाली.

मी ज्यांचे पाय बघायचे त्यांना सगळे आमा, म्हणजे आई, म्हणायचे. हाताची बोटं आत वळलेली, केस पांढरेशुभ्र, डोळे मात्र फार बोलके. नेपाळी मला येत नाही पण लिपी आपलीच, पुष्कळ शब्दही जवळचे, त्यामुळे घासताना मी विचारायचे, दुख्छ? आणि त्या हसून म्हणायच्या, दुख्दैन. दुखत नाही. मला बरं वाटायचं, चला आपला हात हलका आहे.

चौथ्या दिवशी सकाळी थंडी होती, मी सगळ्यांना चहा दिला. स्टीलचे पेले, चहा उकळता, मी पदरानं धरून आणला आणि आमांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला, माझ्याशी बोलत राहिल्या, मीही बसले गप्पा मारत. दिदी पलीकडून धावत आली आणि तिनं पेला हिसकावून घेतला. तळव्यावर लाल चट्टा उठला होता, संध्याकाळपर्यंत फोड आला. मी रडत विचारलं, दुख्छ? आणि त्या मलाच समजावत म्हणाल्या, दुख्दैन नानी, दुख्दैन. नानी म्हणजे तिकडे बाळ.

तेव्हा कळलं की त्या शब्दाचा अर्थ मी चार दिवस चुकीचा लावत होते. दुखत नाही हीच तर त्यांची दुखापत आहे. पेल्यांना गुंडाळायची कापडी खोळ प्रत्येकाच्या खाटेला टांगलेली होती, माझ्या डोळ्यांसमोर होती, मी कधी विचारलंच नाही ती कशाला आहे. मी पोहोचल्या दिवसापासून काय देऊ काय देऊ एवढंच बघत होते. त्या रात्री बायबलमधला योहानाचा तेरावा अध्याय वाचला, येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा, आणि पहिल्यांदाच मनात आलं की पाय धुवायला आधी खाली बसून त्या माणसाकडे नीट बघावं लागतं.

तिथे रविवारी नाही, शनिवारी उपासना असते, कारण सुट्टी शनिवारची. चपला बाहेर, जमिनीवर सतरंज्या, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मादलच्या, म्हणजे तिकडच्या ढोलकीच्या, तालावर भजनं. आमच्याकडे पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणतात तशीच बैठक, डोळे मिटले तर नगरलाच बसल्यासारखं वाटत होतं. आमा पुढे बसल्या होत्या, हाताला पट्टी, आणि टाळी मनगटांनी वाजवत होत्या. सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

खर्चाचं बोलायचं तर माणशी १४ हजार लागले, म्हणजे एक लाखाच्या वर. तेवढे पैसे नुसते पाठवले असते तर? हे मी दाइंना सरळ विचारलं. ते म्हणाले, पैसे पाठवाच, ते लागतातच, पण गावाकडून ह्यांना भेटायला कोणी येत नाही, कोणीतरी दोन दिवस रेल्वेत बसून आपल्यासाठी आलं हे त्यांना महिनोन्महिने पुरतं. तरी मला वाटतं आठ जण जास्त झालो. अर्धा वेळ आमची जेवणं रांधण्यात त्या बायकांचा गेला, आणि ते आम्हाला आधीच सुचायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी दिदीचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला, आमांचा तळवा, फोड पूर्ण भरलेला. खाली व्हॉइस मेसेज होता, आमांचाच आवाज, शेवटचा शब्द तेवढा पटकन कळला. भेटौँला, म्हणजे भेटूया. ह्या वर्षी आम्ही तिघंच जातोय, पण महिनाभरासाठी. बाहुल्या घरीच राहतील. आमच्यातला एक जण सध्या कुष्ठरोग्यांसाठीच्या मऊ रबराच्या चपला शिवायला शिकतोय, आणि मी नेपाळी.