दि, आ, दा, इन... आणि आमचं स-ला-ते

इटालियन शिकताना माझी वाट क्रियापदांनी नाही लावली, या एवढ्याश्या शब्दांनी लावली. दि, आ, दा, इन, कोन, सू, पेर, त्रा, फ्रा. इथली शाळेतली पोरं हे एका दमात म्हणतात, आपण स-ला-ते स-ला-ना-ते घोकायचो ना, तस्संच.

इटलीत, तोरिनोला येऊन वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. अ‍ॅप इंग्लिशमधून, पुस्तक इंग्लिशमधून, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की फॉर म्हणजे पेर, फ्रॉम म्हणजे दा, विषय संपला. एकदा डॉक्टरकडे नंबरच लागेना म्हणून काउंटरवरच्या बाईंना जरा चिडूनच म्हटलं, 'सोनो क्वी पेर दुए ओरे'. मला म्हणायचं होतं दोन तास झाले इथे बसलेय. त्या म्हणाल्या 'वा बेने', म्हणजे ठीक आहे, आणि परत कॉम्प्युटरकडे वळल्या, मी आणखी अर्धा तास तशीच. संध्याकाळी शेजारच्या आजींना सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, कारण मी बोलले होते की मी दोन तासांसाठी आलेय, म्हणजे चालू द्या तुमचं निवांत. म्हणायला हवं होतं, 'आस्पेत्तो दा दुए ओरे'.

आता हे मराठीत बघा. दोन तासांपासून वाट बघतेय. पासून म्हणजे दा, आणि क्रियापदही आपल्यासारखंच वर्तमानकाळातलं! मी उगाच व्हाया लंडन जात होते.

मग मी वहीत इंग्लिश खोडून मराठी लिहायला लागले. त्रा दुए ओरे म्हणजे दोन तासांनी, इन दुए ओरे म्हणजे दोन तासांत. इंग्लिशमध्ये दोन्हीला बहुतेक वेळा इनच, म्हणून तिथे हमखास घोळ. तसंच 'वादो दाल मेदिको', डॉक्टरकडे जाते. (दाल म्हणजे दा अधिक इल, इल म्हणजे इंग्लिशमधलं द; वरणाशी संबंध नाही.) येतानाही दालच, 'वेन्गो दाल मेदिको', आपण निदान कडे आणि कडून तरी करतो.

सगळं जुळतं असं नाही हां. मुलीचं पुस्तक म्हणजे 'इल लिब्रो देल्ला रागात्सा' (देल्ला म्हणजे दि अधिक ला, ला हे स्त्रीलिंगी द). आपलं चा-ची-चे पुस्तकाचं लिंग बघतं, त्यांचं देल्ला मुलीचं बघतं, बरोब्बर उलटं, यावर माझा एक अख्खा महिना गेला. आणि कॉफीचा कप? 'तात्सा दि काफ्फे' म्हणजे कपभर कॉफी, 'तात्सा दा काफ्फे' म्हणजे कॉफी प्यायचा कप, रिकामा असला तरी. मराठीत दोन्हीला आपला एकच कॉफीचा कप.

आ आणि इनपुढे तर मराठीनेही हात टेकले. आपण तोरिनोत म्हणतो, इटलीतही म्हणतो, त्यांना मात्र शहराला आ, देशाला इन. बेटांचं अजून वेगळं, काप्रीला आ आणि सिसिलीला इन. ते सरळ पाठ केलं.

आणि 'दिपेंदे' (अवलंबून आहे) म्हटलं की अजूनही माझ्या तोंडून पुढे सू, म्हणजे वर, निघतो, कारण अवलंबून असणं इंग्लिशमध्येही कशावर तरी आणि मराठीतही कशावर तरी, इथे मात्र दा. आजी आता हसत नाहीत, भाजी निवडता निवडता मान वर न करता नुसतं म्हणतात, 'दा, दा'.