नळीवरचं साल

पेनसिल्व्हेनियात आमच्या शेजारी एक आजी राहतात. हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी शाळांना सुट्टी मिळायची, त्या काळात वाढलेल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला कपाटातली विंचेस्टर रायफल दाखवली. खालचा लिव्हर ओढून काडतूस चढवायची. "आजोबांची आहे, १८९४ची," म्हणाल्या. ती त्यांना ओहायोतल्या भाच्याला द्यायची होती.

साल कळणं नुसत्या हौसेचं नव्हतं. इथल्या केंद्रीय कायद्यात १८९८पर्यंत बनलेली बंदूक जुनी वस्तू धरतात. नंतरची असेल, तर परराज्यातल्या माणसाला ती परवानाधारक दुकानदारामार्फतच भेट देता येते, मग तो सख्खा भाचा का असेना. मी कारखान्यात मोजमापं तपासतो, एवढ्यावरून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

बंदुकीतलं मला ओ का ठो कळत नाही, म्हणून ओळखीच्या एका शिकाऱ्याला बोलावलं. त्यानं आधी नळीचं तोंड रिकाम्या शेताकडे केलं, लिव्हर खाली ओढून आत बोट घालून पाहिलं, मग खालच्या नळीत काडतूस अडकलेलं नाही ना तेही पाहिलं. मी दसऱ्याच्या सवयीनं पितांबरी घेऊन गेलो होतो. त्यानं डबी बाजूलाच ठेवायला लावली. ती निळसर-काळी झाक मूळची आहे, घासली तर झाक जाईल आणि निम्मी किंमतही.

नळीवर कोरलेलं होतं : पेटंट, २१ ऑगस्ट १८९४. आजींचं साल इथूनच आलं होतं. पण ते पेटंटचं साल. जॉन ब्राउनिंगनं रचलेलं हे मॉडेल त्यानंतर कितीतरी दशकं बनत राहिलं. शिवाय शेजारी ".३० डब्ल्यूसीएफ" असा काडतुसाचा ठसा, आणि ते काडतूसच १८९५मध्ये बाजारात आलं.

खरं साल कारखान्यानं मारलेल्या नंबरवरून काढायचं. तो रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या धातूच्या मुख्य भागाच्या पोटाला, पुढच्या बाजूला असतो. टॉर्च मारून वाचला, पाच आकडी भरला. कुठला नंबर कुठल्या सालचा ते सांगणाऱ्या छापील तक्त्यात तो १८९८च्या आतच बसत होता. आजी खूश, मीही खूश.

पण नळीवर अंडाकृतीत डब्ल्यू-पी अशी अक्षरं होती. शिकारी म्हणाला, विंचेस्टर कंपनी ही तपासणीची खूण १९०५पासून मारू लागली. माझ्या धंद्यात दोन खुणा जुळल्या नाहीत की आधी आपलं वाचन तपासायचं. तेलात भिजवलेला कपडा घेऊन नंबरावरून हलकेच फिरवला. जुन्या ग्रीसच्या थराखालून डावीकडे आणखी एक आकडा निघाला : ९. नंबर पाच आकडी नव्हताच, साडेनऊ लाखांच्या जवळपासचा होता.

आता सगळं जुळायला लागलं. या मॉडेलची दहा लाखावी रायफल १९२७मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली होती, म्हणजे आमची त्याच्या थोडी आधीची. डाव्या अंगाला खोगिराला अडकवायची कडी होती, तीही त्या सुमारालाच बंद झाली. वायोमिंगमधल्या कोडी या गावच्या संग्रहालयात कारखान्याच्या नोंदवह्या आहेत, पण या मॉडेलच्या नोंदी साडेतीन लाखांच्या आसपास थांबतात. त्यामुळे तिथून साल सांगणारं पत्र मिळणार नव्हतं. "१९२०च्या दशकाचा मध्य" एवढ्यावर आम्ही थांबलो.

आजींना सांगताना मला जरा जड गेलं. त्या गप्प बसल्या, मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसल्या. "मग आजोबांची नाही ही. माझ्या वडिलांनी पहिल्या पगारातून घेतली असणार, आणि आईच्या भीतीनं आजोबांवर ढकलली."

रायफल दुकानदारामार्फत गेली. भाच्यानं तिकडे फॉर्म भरला, नंबर पूर्ण सहा आकडी लिहिला. घरी पोचल्यावर त्यानं आजींना फोन केला. "आत्या, तू १९२० वगैरे म्हणतेस, पण इथं चक्क १८९४ कोरलंय!"