‘पलीकडं ने, चिन्ह बदल’: अमेरिकेतल्या वर्गात मोठेपणी बीजगणित शिकताना

न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा कोल्हापुरात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. हिवाळ्यात इथली घड्याळं तासभर मागे गेली की साडेसहा. इथल्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीसुनांना राजारामपुरीत किंवा शिवाजी पेठेत बसून व्हिडिओ कॉलवर समीकरणं समजावायला घरच्यांना हीच वेळ सापडते. तिकडून हमखास येणारं वाक्य म्हणजे, ‘अगं, ते पाच पलीकडं ने की, चिन्ह बदलून!’ आणि इकडून हमखास येणारं उत्तर, ‘पण इथं असं करत नाहीत.’

ही पोस्ट त्या कॉलच्या दोन्ही टोकांना बसलेल्यांसाठी आहे.

आधी परीक्षेचं थोडक्यात. शाळेचं प्रमाणपत्र हाताशी नसलेले प्रौढ इथं जीईडी देतात. त्यातला गणिताचा पेपर ११५ मिनिटांचा असतो, गुणांची पट्टी १०० ते २०० आणि पास व्हायला १४५ लागतात. पेपरात बीजगणिताचा वाटा निम्म्याहून जास्त, साधारण ५५ टक्के. बारावी किंवा पदवी झालेले थेट कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जातात. तिथंही बऱ्याच ठिकाणी गणिताची पातळी बघूनच वर्ग ठरतो. दोन्हीकडे माणसं अडकतात ती एकाच जागी: कंस, अपूर्णांक आणि दोन्हीकडे क्ष असलेली, चार-पाच पायऱ्यांची समीकरणं. (इथं एक्स लिहितात, या पोस्टमध्ये आपला क्षच ठेवू.)

आता ‘पलीकडं ने’ची गोष्ट. क्ष + ५ = १२ असेल तर ५ पलीकडं गेला, उणे झाला, क्ष = ७. बरोबर आहे. पण १५-२० वर्षांनी वही उघडणाऱ्याच्या डोक्यात नियमाचं कारण राहिलेलं नसतं, फक्त त्याची चाल राहिलेली असते. मग −४क्ष = २० दिसलं की −४ पलीकडं नेतात, सवयीनं चिन्हही बदलतात, २० भागिले ४ करतात आणि क्ष = ५ लिहून मोकळे होतात. खरं उत्तर −५ आहे. −४ हा तिथं गुणाकारात आहे, बेरजेत नाही. त्यानं भागायचं, चिन्हासकट. कुणी उलटंही करतं: ३क्ष = १२ मधला ३ ‘पलीकडं नेऊन’ वजा करतं आणि क्ष = ९ लिहितं.

इथल्या वर्गात काहीच पलीकडं जात नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया करायची, आणि ती क्रिया दोन्ही बाजूंखाली लिहायची. क्ष + ५ = १२ च्या खाली डावीकडे −५, उजवीकडे −५, मग रेघ. कोल्हापुरातून बघणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण मास्तर तपासताना ती ओळच बघतात, आणि चूक सापडते तीही त्याच ओळीत. शिवाय हीच रीत जुनी आहे. ‘अल्जिब्रा’ हा शब्द ज्या अरबी ‘अल-जब्र’वरून आला, त्याचा अर्थच भरून काढणं. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीनं वजा झालेलं पद दोन्ही बाजूंत मिळवून भरून काढायच्या कृतीला हे नाव दिलं. पक्षांतर, म्हणजे आपलं ‘पलीकडं ने, चिन्ह बदल’, हा त्या कृतीचा नुसता शॉर्टकट. पाया पक्का असेल त्यानं खुशाल वापरावा.

बरोबरच्या चिन्हाचंही तसंच. रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ साली दोन समांतर रेघा छापल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन वस्तू त्याला सुचेनात. आपण मात्र दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर वाढलेले, ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर सांग’. म्हणून वहीत ३ × ४ = १२ + ५ = १७ अशी साखळी लिहिली जाते. बारा म्हणजे काही सतरा नव्हे. तोंडी हिशेबात हे खपून जातं, समीकरणात नाही. एका ओळीत एकच ‘=’, आणि प्रत्येक ओळीतला ‘=’ वरच्याच्या बरोबर खाली.

क्रियांच्या क्रमाचा एक घोळ आधीच मिटवून टाकू. आपल्याकडे कंचेभागुबेव, म्हणजे भागाकार आधी. इथं पेमडास, पोरं ते ‘प्लीज एक्सक्यूज माय डिअर आंट सॅली’ असं पाठ करतात, त्यात गुणाकार (‘माय’चा एम) भागाकाराच्या (‘डिअर’चा डी) आधी. दोन्हीकडचे मास्तर एकमेकांना चुकीचे ठरवतात. खरं तर गुणाकार-भागाकाराचा मान सारखाच, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. १२ ÷ ३ × २ चं उत्तर कोल्हापुरातही ८ आणि इथंही ८. बेरीज-वजाबाकीचंही असंच.

समीकरण सोडवताना मात्र हा क्रम उलटा चालतो. फेटा आठवा. शेवटचा वळसा आधी सुटतो. २क्ष + ७ = १९ मध्ये क्षला आधी २ नं गुणलं, मग ७ मिळवले. सोडवताना आधी ७ काढायचे, मग २ नं भागायचं. आधी भागलंच तर ७ लाही भागावं लागतं, आणि नेमका तोच विसरला जातो.

आता एक पूर्ण समीकरण जवळून बघू.

३(२क्ष − ४) − २(क्ष − ३) = क्ष + ९

कंस सोडवले की

६क्ष − १२ − २क्ष + ६ = क्ष + ९

सजातीय पदं एकत्र केली की

४क्ष − ६ = क्ष + ९

दोन्हीकडून क्ष वजा, ३क्ष − ६ = ९. दोन्हीकडे ६ मिळवा, ३क्ष = १५. दोन्हीकडे ३ नं भागा, क्ष = ५.

यात सगळा जीव त्या ‘+ ६’ मध्ये आहे. −२ नं कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचं असतं, आणि उणे गुणिले उणे अधिक. घाईत माणूस तिथं − ६ लिहितो. मग ४क्ष − १८ = क्ष + ९, ३क्ष = २७, क्ष = ९. उत्तर कसं, काटा किर्र! पूर्णांक, सुबक, कुठं अपूर्णांक नाही, काही नाही. आणि साफ चूक. ‘उत्तर नीट आलं म्हणजे बरोबर असणार’ ही समजूत इथं आपटते.

म्हणून पडताळा. मिळालेली संख्या मूळ समीकरणात टाकायची, मधल्या कुठल्या ओळीत नाही, कारण ती ओळच चुकलेली असू शकते. ९ टाकले तर डावीकडे ३ × १४ − २ × ६ = ३०, उजवीकडे १८. जुळत नाही. ५ टाकले तर डावीकडे ३ × ६ − २ × २ = १४, उजवीकडेही १४. वीस सेकंदांचं काम, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

अपूर्णांक आले की निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो. खरं तर अपूर्णांक सांभाळत बसायचंच नाही, पहिल्या पायरीलाच घालवायचे.

(क्ष + ३)/२ − (क्ष − १)/३ = ४

छेद २ आणि ३, ल.सा.वि. ६. प्रत्येक पदाला ६ नं गुणा, उजवीकडच्या एकट्या ४ लासुद्धा.

३(क्ष + ३) − २(क्ष − १) = २४
३क्ष + ९ − २क्ष + २ = २४
क्ष + ११ = २४
क्ष = १३

पडताळा: १६ चे निम्मे ८, १२ चे तिसरा हिस्सा ४, ८ − ४ = ४. जमलं. इथं दोन खड्डे आहेत. उजवीकडचा ४ तसाच ठेवला की क्ष = −७ येतं. दुसरा खड्डा असा की अपूर्णांकाची आडवी रेघ हाही एक कंसच असतो, पण दिसत नाही. छेद गेला की रेघ जाते, आणि तिच्यासोबत कंसही जातो. मग −२ नुसत्या क्षला लागतं, पुढच्या −१ ला लागत नाही. उपाय एकच: गुणायच्या आधी अंशाला पेन्सिलनं कंस घालून ठेवा.

दशांश असले तर १० किंवा १०० नं गुणून टाका. समजा एक कंपनी सामान हलवायचा ट्रक ४० डॉलर अधिक मैलाला ०.७५ डॉलरनं देते, दुसरी २५ डॉलर अधिक मैलाला १ डॉलरनं. किती मैलांना दोन्ही सारख्या पडतील? ४० + ०.७५म = २५ + म. शंभरनं गुणलं की ४००० + ७५म = २५०० + १००म, म्हणजे १५०० = २५म, म = ६०. दोन्हीकडे ८५ डॉलर. रिक्षाच्या मीटरचं गणित येणाऱ्याला यात नवं काही नाही.

शाब्दिक उदाहरणांत मात्र मराठी माणसाच्या हाती एक हुकमाचं पान आहे, आणि ते फार कमी जण खेळतात. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर’ असं वाचलं की इंग्रजीच्या ओघात हात ५ − २क्ष लिहितो. तेच मराठीत म्हणून बघा: ‘संख्येच्या दुपटीपेक्षा पाचनं कमी’. दुप्पट आधी, पाच नंतर: २क्ष − ५. मराठीचा शब्दक्रम इथं समीकरणाच्या क्रमाशीच जुळतो. वाक्य इंग्रजीत वाचा, मनात मराठीत म्हणा, मगच लिहा. उलट आकडे ऐकून लिहिताना मराठी आडवी येते. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी येतो आणि चाळीस नंतर, त्यामुळं ४७ चे ७४ होतात. उतरवलेला आकडा एकदा इंग्रजीत परत वाचायचा, बस.

कॅल्क्युलेटरबद्दल दोन गोष्टी. जीईडीत पहिले पाच प्रश्न त्याच्याशिवाय, पुढे टीआय-३०एक्सएस चालतो. त्यावर वजाबाकीचं बटण वेगळं आणि ऋण चिन्हाचं वेगळं. ऋण संख्येच्या सुरुवातीला वजाबाकीचं दाबलं की गडबड झालीच. दुसरं म्हणजे −३ चा वर्ग कंसाशिवाय टाकला तर तो −९ दाखवतो. यंत्राची यात चूक नाही, आधी वर्ग, मग उणे. पडताळा घेताना ऋण संख्या नेहमी कंसात टाका.

आणि शेवटी जे येतं त्याला घाबरू नका. २(क्ष + ३) = २क्ष + ८ सोडवलं की क्ष गळून जातो आणि ६ = ८ उरतं. म्हणजे उकल नाही, आणि हेच उत्तर. ८ च्या जागी ६ असता तर ६ = ६ उरलं असतं, म्हणजे कुठलीही संख्या चालते. या दोन्हींहून वेगळं ५क्ष = ०. इथं क्ष = ० हे ठणठणीत उत्तर आहे, तरी माणसं ‘उत्तर नाही’ लिहून गुण घालवतात.

रोज पाच समीकरणं, प्रत्येकाचा पडताळा, एवढं पुरे. रविवारी पन्नास करून काही होत नाही. कोल्हापुरातून कुणी येणार असेल तर बॅगेत दोन चौकडीच्या वह्या टाकायला सांगा. चौकटीत एकेक चिन्ह लिहिलं की उणे हरवत नाही. आणि कॉलवर शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की इथं भागाकाराचं उत्तर उजवीकडे नाही, भाज्याच्या डोक्यावर लिहितात. लेकीनं वर लिहिलं म्हणून तिला ओरडू नका.