ज्या पाण्यात आम्ही डुंबलो

शुक्रवार, रात्री पावणेअकरा

मुलं गाडीतच झोपली, त्यांना तसंच उचलून आणून अंथरुणावर टाकलंय. केस अजून ओलसर आहेत, राहू देत. बाबाही लवकर आडवे झाले. मला झोप येत नाहीये. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक तेलकट डबा तसाच पडलाय आणि तो बघून आजचा दिवस लिहून काढावासा वाटतोय.

ओमानमधल्या वादी बनी खालिदला (वादी म्हणजे डोंगरातली पाण्याची घळ) जायचं दोन वर्षं घाटत होतं. मस्कतहून दोनशे किलोमीटरच्या वर अंतर, म्हणून दर वेळी 'पुढच्या शुक्रवारी' व्हायचं. बाबा आले, त्यांचे इथले दिवस संपत आले, तेव्हा कुठे निघालो. पहाटे साडेपाचला. बिदबिद, इब्रा, मग बिदिया. बिदियाच्या आसपास उजव्या हाताला शर्कियाच्या वाळूचे ढीग दिसायला लागले, तांबूस, सकाळच्या तिरप्या उन्हात एका अंगाने काळे. बाबा म्हणाले, "इथे पोहायचं?" मी म्हटलं, थांबा जरा. रस्ता डावीकडे डोंगरात शिरला, एक उघडाबोडका चढ चढला, आणि पलीकडे उतरताना खाली एकदम खजुरांची हिरवी पट्टी. बाबांनी काच खाली केली, पण बोलले काहीच नाहीत.

गाड्या लावतात तिथून कुंडापर्यंत दहाएक मिनिटांची पायवाट आहे. वाटेच्या कडेने पाण्याचा एक पाट वाहतो, हातभर रुंदीचा. जाताना त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळ्यांना पुढचं पाणी बघायची घाई.

ते पाणी मात्र घाई करावी असंच आहे. पांढुरके खडक, शतकानुशतकं पाण्याने घासून गुळगुळीत झालेले, आणि त्यांच्या मधोमध हिरवंगार कुंड. खालचं मोठं कुंड शांत. वर कातळांवरून चालत गेलं की घळ अरुंद होत जाते आणि एकातून एक लहान डोह लागतात. आम्ही वरच गेलो. खांदे-गुडघे झाकलेले असावेत अशी इथली रीत, त्यामुळे आम्ही सगळे पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उतरलो. उन्हात तेच बरं पडतं.

आधी पाय बुडवून बसलो, तर बारीक मासे आले. बोटाएवढेही नाहीत. टाचेच्या भेगांवर तोंड लावतात, सोडतात, परत लावतात. धाकट्याने किंचाळून पाय वर घेतला. मग हळूच परत बुडवला, आणि एक मासा त्याच्या करंगळीशी बराच वेळ रेंगाळला तेव्हा श्वास रोखून बसून राहिला. तेवढा वेळ हा मुलगा एका जागी बसलेला मी कधी पाहिला नाही.

थोरली आणि तिचे बाबा कपारीपर्यंत पोहत गेले. बाबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, पाण्यात उतरून पाठ टेकावी तसं अंग सोडून दिलं. हात डोक्याखाली, डोळे मिटलेले, पोट वर. दोन्ही बाजूंनी डोंगराच्या उभ्या भिंती आणि मध्ये आकाशाची निळी चिंधी. आई गेल्यापासून ते कुठेच असे सैल दिसले नव्हते. मी त्यांना हाक मारली नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण घरून निघण्याआधी आम्ही त्यावर अर्धा तास घालवला होता. हवामानाचा अंदाज. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि दूर डोंगरात पाऊस झालेला असतो; ते पाणी घळीतून भिंतीसारखं येतं. 2024 च्या एप्रिलमध्ये याच उत्तर शर्किया भागात पुरात शाळकरी मुलं गेली. वाहत्या वादीत गाडी घालणं इथे गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. ढगाळ अंदाज असता तर आम्ही गेलो नसतो, कितीही ठरलेलं असलं तरी.

जेवण काठावरच झालं. आणि इथे मी ते केलं. भाजीचा डबा रिकामा झाला, तेल राहिलं होतं, मी हात लांब करून तो पाण्यात विसळला. वाहतं पाणी आहे, जाईल वाहून, एवढाच विचार. तेलाचे थेंब पसरले, त्यांच्यावर रंग उमटले, आणि मासे बाजूला झाले. ते बाजूला झालेले मी पाहिलं. तरी दुसरा डबा घेणार होते, तेवढ्यात थोरलीने टॉवेल मागितला म्हणून तो राहून गेला.

तीनच्या सुमारास परत निघालो. धाकट्याने वाटेवर एक वाळकं पान पाटात सोडलं आणि त्याच्या शेजारून धावायला लागला. पान पुढे, तो मागे, त्याच्या मागे मी. ते खजुरांच्या बागेत शिरलं आणि एका ठिकाणी अडलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. पांढरा दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगा, गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, डोक्यावर कुम्मा टोपी. त्यांच्यासमोर पाटाला दोन तोंडं होती. एका तोंडातला चपटा दगड त्यांनी काढला, त्याभोवतीचं फडकं पिळून पुन्हा गुंडाळलं आणि तो दगड दुसऱ्या तोंडात बसवला. कडेच्या फटी चिखलाने लिंपल्या. पाणी क्षणभर गोंधळल्यासारखं फुगलं आणि वळलं. दुसऱ्या बागेतल्या झाडांची आळी भरायला लागली.

त्यांना हिंदी येत होतं, आमच्याइतकं नाही पण पुरेसं. आता शेजाऱ्याची पाळी सुरू झाली, म्हणाले. हा फलज, म्हणजे पाळीपाळीने वाटून घ्यायचा पाण्याचा पाट. पाळी वेळेवर चालते; अर्ध्या तासाच्या हिश्श्याला अथर म्हणतात. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजायचे. फलजाचा कारभार बघणाऱ्याला वकील म्हणतात, यावर बाबा मनापासून हसले. ते आणि बाबा मग बराच वेळ पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोलत राहिले. दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळत असावं, पण अडत नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी मला त्याबद्दल आणखी वाचायला लावलं. अशा हजारो फलजांना अजून पाणी आहे, त्यातले पाच 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. काही जमिनीखालून बोगद्यातून येतात, काही झऱ्यावरून, काही थेट वादीच्या पाण्यावरून. पाणी मुळात डोंगराचं. पाऊस वर पडतो, चुनखडीच्या भेगांतून आत मुरतो आणि वाट मिळेल तिथे बाहेर येतो. आम्ही मस्कतला नळ उघडतो ते समुद्राचं, मीठ काढलेलं पाणी. माझ्या मुलांनी आजवर पाण्याचं मूळ असं पाहिलंच नव्हतं. मीही विसरले होते.

पण ते नंतरचं. तिथे बागेत काय झालं ते लिहायचंय. त्या गृहस्थांनी हात धुतले, ओंजळीत पाटाचं पाणी घेतलं आणि चूळ भरली. तीन वेळा. मग नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची तयारी. मी त्या ओंजळीकडे बघत राहिले. फलजाच्या पाण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी पिण्याचं, मग मशिदीचं, मग अंघोळ आणि धुणं, आणि शेवटी शेत. वरच्या अंगाला कुणी भांडं विसळत नाही. मी तर त्या सगळ्यांच्याही वर बसून डबा विसळला होता.

मी त्यांना सांगितलं. हिंदीत नीट शब्द सापडेनात, पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, "अच्छा, आगे से नहीं" एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

निघताना धाकटा दगडाजवळ अडकलेल्या पानाकडे बघत उभा होता. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं, नव्या पाण्यात सोडलं. पान खजुरांच्या मधून गेलं आणि दिसेनासं झालं.

दुसरा डबा तसाच घरी आणला. तो आता घासते आणि झोपते.