दुसरा बार का उडेना

कोल्हापूरचा नेमबाज म्हटलं की लोकांना रायफल नाहीतर पिस्तूल आठवतं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि आता स्वप्निल कुसाळे. मी मात्र शॉटगनच्या, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीच्या नादी लागलो आणि ट्रॅपच्या (हवेत उडणाऱ्या चकत्या फोडायच्या, एका चकतीला दोन बार) सरावासाठी दिल्लीला, तुघलकाबादच्या कर्णी सिंह रेंजवर जाऊन पडलो.

डिसेंबरची सकाळ होती. पहिला बार चकतीच्या मागून गेला, दुसऱ्यासाठी ट्रिगर दाबला तर काहीच नाही. मेल्यासारखा ट्रिगर. नळ्या रेंजकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबलो (काडतूस कधी कधी उशिरा पेटतं), मग बंदूक उघडली. २५ चकत्यांच्या त्या राउंडमध्ये हे तीनदा झालं. पहिल्याच बारात चकती फोडणाऱ्याला असलं दुखणं कळायलाही वेळ लागतो. माझ्यावर दुसऱ्या बाराची वेळ फार येते, त्यामुळे लगेच कळलं!

मी काडतुसांना शिव्या घातल्या. दुसऱ्या खोक्यातली, २४ ग्रॅम छऱ्यांची घेतली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

रेंजवर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार येतात. त्यांनी माझं न उडालेलं काडतूस हातात घेऊन उलटं केलं. "खोकं कसलं बदलतोस? आधी बूड बघ की त्याचं."

बुडावरची टोपी (पिन आपटली की पेटते ती) कोरी होती. पिन लागली पण जोर कमी पडला, तर टोपीवर उथळ खड्डा दिसतो. मग दोष पिनचा, स्प्रिंगचा किंवा काडतुसाचा. खड्डाच नाही आणि ट्रिगरही मेलेला, म्हणजे घोडा (पिनवर आपटणारा हातोडा) पडलाच नाही. काडतूस बिचारं निर्दोष.

माझी बंदूक वर-खाली नळ्यांची, एकाच ट्रिगरची. सिलेक्टर फिरवून सुभेदार साहेबांनी वरची नळी आधी उडवायला लावली. आता खालची अडायला लागली. म्हणजे दुखणं कुठल्या एका नळीचं नव्हतं, दुसऱ्या बाराचं होतं. या जातीच्या बंदुकीत पहिल्या बाराच्या धक्क्याने आतला एक लहानसा ठोकळा मागे झुलतो आणि ट्रिगर सोडला की त्याची सांगड दुसऱ्या घोड्याशी बसते. ठोकळा नीट झुलला नाही, तर ट्रिगर कितीही ओढा.

मग डमी काडतुसं घालून तपासलं. ट्रिगर दाबायचा, सोडायचा, दस्त्याच्या रबराला तळहाताने दणका द्यायचा, पुन्हा दाबायचा. दर वेळी दोन 'टक' यायला हवेत. दहात चारदा एकच आला.

"आणि बोट पूर्ण सोडतोस का रे?" साहेबांनी विचारलं. नव्हतो सोडत. घाईत बोट ट्रिगरला चिकटूनच राहायचं, हे मोबाइलवर शूट करून पाहिलं तेव्हा पटलं. पण ते सुधारूनही दोष पुरता जाईना.

दस्ता काढायच्या भानगडीत मी पडलो नाही, परवानाधारक बंदूक-कारागिराकडे नेली. त्याने मागचं रबर काढलं, आतला लांब स्क्रू सैल केला आणि दस्ता ओढून वेगळा केला. आत समईच्या बुडाशी साठतं तसलं पिवळट, चिकट तेल. बोट लावलं तर तार आली. ठोकळा त्या चिकट्यात पोहत होता. उन्हाळ्यात कसाबसा झुलायचा, दिल्लीच्या थंडीत आखडायचा.

"रोज तेल मारता?" त्याने विचारलं. रोज! नुसतं मारत नव्हतो, वर बंदूक नळ्या वर करून कपाटात उभी ठेवत होतो. नळ्यांतलं तेल रात्रभर उतरत आत जायचं आणि तिथून दस्त्याच्या लाकडात. लाकूडही आतून काळं पडलं होतं. त्याने सगळं पेट्रोलसारख्या कशाने तरी धुतलं, वाळवलं आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल दोन ठिकाणी लावलं.

स्पर्धेपूर्वी हे निपटलं ते बरं झालं. तिथे बार अडला तर बंदूक उघडायची नाही, सेफ्टीला हात लावायचा नाही, नळ्या चकत्यांच्या दिशेला धरून रेफरीची वाट बघायची. बार अडल्याची सूटही एका राउंडमध्ये दोनदाच.

त्या रात्री पहिल्यांदा बंदूक नळ्या खाली करून, फडक्यावर उभी ठेवली. सकाळी फडक्यावर तेलाचे दोन गोल डाग पडले होते, शेजारी शेजारी.