वाटी हलली पाहिजे : आमची वाटचाल

मी मूळचा रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. चिपळूणच्या बाजारात गाळा. १९९८ साली एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचा स्टिम्युलेटर, म्हणजे पॅडमधून करंट देऊन स्नायू आवळायला लावणारं मशीन, दुरुस्तीला आला, नॉब गेलेला. नॉब बदलला, पण मशीन चालतंय की नाही हे बघायचं कसं? पॅड स्वतःच्या मांडीला बांधले आणि हळूहळू फिरवत गेलो. मी काही न करता मांडी आपली आपण टणक झाली. तिथून धंदा बदलला असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, टीव्ही दुरुस्तीला येईनासे झाले म्हणून बदलला.

मॅडम आणि मी भागीदार झालो. पेशंट तपासून सेटिंग लिहून द्यायचं काम त्यांचं. मशीन घरपोच नेणं, पॅड लावायला शिकवणं आणि भाड्यासाठी फोन करत बसणं माझं. वर्षं बरी गेली.

वेळणेश्वरचे तात्या २०२० च्या हंगामात झेल्यासकट आंब्यावरून खाली आले. गुडघ्याची वाटी फुटली, ऑपरेशन करून तार घातली. पुढे मांडी अशी वाळली की लुंगीतूनही फरक कळे. पाय सरळ ठेवून उचला म्हटलं की कपाळावर घाम यायचा, पाय जागचा हलायचा नाही. घरचे म्हणत, तात्या मनावर घेत नाहीत. तसं नसतं हो. दुखावलेल्या, सुजलेल्या सांध्याकडून जे संदेश मज्जारज्जूत जातात, ते मांडीच्या स्नायूला जाणारा हुकूमच दाबतात. अशा माणसाला नुसतं ‘व्यायाम करा’ सांगून काय होणार? तिथे मशीन लागतं.

एक पॅड मांडीच्या वरच्या भागात बाहेरून, दुसरा गुडघ्याच्या जरा वर आतल्या अंगाला. ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला पन्नास ठोके, १० सेकंद चालू, ५० सेकंद बंद, असं १० वेळा. खेळाडूंची ताकद वाढवायला स्नायूंना करंट देणारे सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव कोट्स (त्यालाच ‘रशियन करंट’ म्हणतात), त्यांचा हिशोबही हाच, दहा-पन्नास-दहा. मधली विश्रांती कापू नका. करंटने आवळलेला स्नायू लवकर थकतो. आणि मुंग्या आल्या की झालं असं समजून लोक नॉब सोडतात, तिथेच चुकतं. सोसेल तितकं वाढवायचं. वाटी वर सरकताना डोळ्यांना दिसली पाहिजे. त्याच दहा सेकंदांत पेशंटनेही आपल्या बळाने मांडी आवळायची. तिसऱ्या आठवड्यात तात्यांची टाच गादीवरून दोन बोटं सुटली. तात्या म्हणाले, “हा पाय माझा उचलला की तुझ्या मशीनचा?”

पाय बरा झाला, मशीन काही परत येईना. “दुसरा गुडघा कुरकुरतो, राहू दे,” एवढंच उत्तर. भाडं थकलेलं. मी वर्षभर चरफडत होतो.

मग २२ जुलै २०२१. गाळ्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मी स्वतः मारलेली, आणि मशीनची फळी तिच्या वर दीड हात. पुराच्या वाशिष्ठी नदीने ती फळीही गिळली. दुसऱ्या दिवशी शटर उचललं तर नऊच्या नऊ मशीन चिखलात. सर्किटवर बोटभर गाळ, ट्रान्सफॉर्मर फुगलेले. एक हट्टाने धुऊन, वाळवून, कपॅसिटर बदलून चालू केलं. पेशंटला मात्र ते कधीच दिलं नाही, आजही माझ्याच टेबलावर आहे. पण नेमकं ते वाळत घातलेलं कोणीतरी पाहिलं, आणि नाक्यावरचा नवा दुकानदार सांगत सुटला की आम्ही पुरातलं भंगार पेशंटच्या अंगाला लावतो. त्याच्याकडे ‘झोपल्या झोपल्या ताकद’ देणारे पोटाचे पट्टे! दोन महिने आमच्याकडे एक पेशंट फिरकला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी तात्या आले. स्वतःच्या पायाने, गाळ्याच्या तिन्ही पायऱ्या चढून. पिशवीत कोरडं ठणठणीत मशीन आणि वर्षाचं भाडं. त्या एका मशीनवर आम्ही परत उभे राहिलो.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. टेन्स आणि मसल स्टिम्युलेटर एक नव्हे. टेन्स दुखणं दाबायला असतं, स्वस्त मिळतं म्हणून तेच ताकदीसाठी घेऊ नका. हृदयाला पेसमेकर असेल, पायात रक्ताची गाठ असेल, तर मशीनला हात लावायचा नाही. साखरेमुळे त्वचा बधिर असेल तर चटका बसलेलाही कळत नाही, आधी डॉक्टरांना विचारा. पॅडखालचा स्पंज कोरडा राहिला की भाजतं. घाम-तेल पुसून मगच पॅड लावा. आणि आपल्या खाऱ्या हवेत लीडच्या, म्हणजे मशीनपासून पॅडपर्यंतच्या वायरच्या, पिना हिरव्या पडतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवा.

फळी आता माळ्यावर आहे. परवा एक बाई त्या नाक्यावरच्या दुकानातला पट्टा घेऊन आल्या, बंद पडला म्हणून. आतली वायर तुटली होती, डाग देऊन जोडली. पन्नास रुपये घेतले. शंभर घ्यायला हवे होते.